पित्ताची चोरवाट

रुकालेम, ९ जून २००४

नोल्फा,

नऊ वर्षांनी माझं अक्षर बघून तू हे पाकीट चुलीत टाकणार असशील, तर आधी एवढं वाच. मला आईबद्दल काही बोलायचं नाहीये. तुझ्या पोटाबद्दल बोलायचं आहे.

मला कोणी सांगितलं ते विचारू नकोस. सव्वा वर्षापासून तुला जुलाब होताहेत, दिवसातून आठ-नऊ वेळा, नुसतं पिवळं पाणी, आणि जेवण झालं की लगेच. चौदा किलो वजन उतरलंय. बेटावरच्या दवाखान्यातल्या माणसाने ‘हे मनाचं दुखणं आहे, नवऱ्याशी भांडू नका’ असं सांगून झोपेच्या गोळ्या दिल्या. नवऱ्याशी भांडल्याने जुलाब लागत असते तर तुला ते लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच लागले असते.

तू पाइकोचा पाला उकळून पितेस हेही कळलं. पी. त्याने अपाय काही नाही. उपायही नाही.

मी डॉक्टर नाही, हे तू म्हणायच्या आधी मीच म्हणते. पण एकतीस वर्षं मी ऑपरेशनच्या टेबलाशी उभी राहून हत्यारं देते आहे, आणि ज्या पोटांवर उभी राहिले त्यांतली निम्मी पित्ताच्या खड्यांची होती. आईच्या माहेरची अशी एक बाई दाखव जिला खडे नव्हते. तेव्हा मला तीन गोष्टींची खरी उत्तरं दे.

एक. उजव्या बरगडीखाली कळ यायची का, पाठीतून खांद्याकडे जाणारी, तळलेलं खाल्लं की? दोन. ती कळ एके दिवशी अचानक थांबली का, आणि जुलाब त्याच सुमारास सुरू झाले का? तीन. अंगावर काळेनिळे डाग उठतात का, काही लागलेलं नसताना? शिंपल्याने बोट कापलं तर रक्त थांबायला वेळ लागतो का?

तालुक्याच्या इस्पितळात जाऊन पोटाचा एक साधा एक्स-रे काढून घे आणि मला पाठव. साधा. दहा मिनिटांचं काम आहे. त्यात काही नसेल तर मी पुन्हा लिहिणार नाही.

एदिता


रुकालेम, २० जुलै २००४

नोल्फा,

तुझी चिठ्ठी आणि फिल्म मिळाली. बसवाल्याने पाकीट बटाट्याच्या पोत्याखाली ठेवलं होतं, एक कोपरा दुमडलाय, पण दिसायचं ते दिसतंय.

चिठ्ठी चारच ओळींची. ‘कळ यायची. गेल्या वर्षी मार्चात थांबली. दोन्ही दंड काळेनिळे आहेत. ओनोफ्रेकडे मी बघते.’

तुझ्या बिचाऱ्या नवऱ्याकडे बघू नकोस. तो इथे इंजिनाचा दांडा दुरुस्त करायला आला होता, आणि माझ्या स्वयंपाकघरात टोपी हातात धरून बसला. आधी मांस-बटाट्याच्या कासुएलाची दोन ताटं संपवली. मग म्हणाला, “एदिता, ती माझ्या डोळ्यांदेखत विरघळत चाललीय. मी आलो होतो हे तिला सांगू नको, घरात घेणार नाही मला.” एवढंच. बाकी सगळं मी खोदून काढलं.

आता फिल्मचं. मी ती इथल्या खिडकीला लावून बघितली, मग डॉक्टर उबिल्यांना दाखवली. उबिल्यांना तू बघितलेलं नाहीस. सांतियागोहून आलेत, चाळिशीचे असतील, चिडके आहेत पण हात चांगला. त्यांनी बघितली आणि चहाचा कप खाली ठेवला. यकृताच्या पांढुरक्या सावलीत बारीक काळ्या रेघा आहेत, फांद्या फुटल्यासारख्या. ती हवा आहे. पित्ताच्या नळ्यांत हवा असायचं काही कारण नाही. हवा असते आतड्यात. ती तिथून वर गेली, म्हणजे दोघांच्या मध्ये कुठेतरी वाट पडलीय.

हे असं होतं. पित्ताशयात खडा असतो. वर्षानुवर्षं तो आतून घासतो, पित्ताशय सुजतं, शेजारच्या आतड्याला चिकटतं. एक दिवस दोन्ही भिंती झिजतात आणि भोक पडतं. आत तुंबलेलं सगळं तिकडे निघून जातं, म्हणून कळ थांबते आणि माणसाला वाटतं, देव पावला. डॉक्टर त्याला फिस्टुला म्हणतात. आमची जुनी मुख्य नर्स ‘चोरवाट’ म्हणायची, तोच शब्द बरा आहे.

ती वाट कुठल्या आतड्यात उघडलीय यावर सगळं अवलंबून असतं. तुझे जुलाब बघता उबिल्यांना मोठ्या आतड्याचा संशय आहे. पित्त लहान आतड्याच्या सुरुवातीला पडायला हवं, अन्नात मिसळायला हवं, आणि शेवटी शरीराने परत शोषून घ्यायला हवं. तुझं पित्त मधला सगळा रस्ता सोडून थेट मोठ्या आतड्यात पडतंय. त्याला ते सोसत नाही, ते पाणी सोडतं. आणि तू खाल्लेलं तूप-लोणी, तेल अंगी लागत नाही. रक्त गोठवणारं के जीवनसत्त्व त्या स्निग्धाबरोबरच शोषलं जातं, तेही वाहून जातंय. म्हणून दंड काळेनिळे.

मन नव्हे. लिहून ठेव आणि त्या दवाखान्यातल्या माणसाला दाखव.

खात्री करायला एक तपासणी लागेल. खालून पांढरं औषध भरतात आणि फोटो काढतात. औषध आतड्यातून पित्ताशयात चढताना दिसलं की संपलं. ती इथेच होते, आमच्या इस्पितळात. एका दिवसाचं काम आहे.

आईच्या फिल्ममध्येही अशाच रेघा होत्या. बोलणार नाही म्हटलं होतं आणि बोलले. पण तू तुलना करशीलच, म्हणून सांगते: आईचं वेगळं होतं. आणि तेव्हा काय करायचं ते डॉक्टर सालदिवियांनी ठरवलं होतं. मी नुसती हत्यारं देत होते.

एदिता


रुकालेम, ५ सप्टेंबर २००४

नोल्फा,

तू मंगळवारी आलीस. मंगळवारी माझी सुट्टी असते हे अख्ख्या इस्पितळाला माहीत आहे, आणि नोंदणीच्या खिडकीवर तू आधी फोन करून तेच विचारलंस. खिडकीवरच्या मुलीने मला सांगितलं. ती म्हणाली, “बाई, तुमच्यासारखाच आवाज होता, फक्त जास्त रागावलेला.”

तपासणी झाली हे बरं झालं. फोटो मी बघितले. औषध उजव्या वळणापर्यंत चढलंय, तिथून एक धाग्यासारखी रेघ वर गेलीय आणि पुढे छोटं, आक्रसलेलं पित्ताशय पांढरं भरलंय. आत दोन खडे. आता संशय राहिला नाही.

उबिल्यांनी तुला काय सांगितलं आणि तू त्यांना काय सांगितलंस तेही कळलं. ते आमच्या चहाच्या खोलीत येऊन धपकन बसले. “एदिता, तुमच्या बहिणीला मी अर्धा तास चित्र काढून समजावलं. ती म्हणाली, ‘डॉक्टर, चित्र छान काढता. पण भोक माझं आहे, ते माझ्यापाशीच राहू दे.’” मग म्हणाले, “जाताना दारात वळून विचारलं, ‘सगळं एकदमच करणार ना? माझ्या आईचंही एकदमच केलं होतं.’ काय प्रकार आहे हा?”

मी म्हटलं, काही नाही. आणि कप धुवायला उठले.

नोल्फा, तीन दिवस मी हे पत्र लिहिते आणि फाडते आहे. सांगितलं नाही तर तू ऑपरेशन करून घेणार नाहीस. सांगितलं तर कदाचित मुळीच घेणार नाहीस. दोन्हींत तोटाच असेल तर निदान खरं तरी लिहिते.

आई माझ्याकडे राहायची. त्या मे महिन्यात ती चार दिवस ओकत होती. मी तिला बोल्दोचा काढा दिला आणि म्हटलं, ‘गॅस झालाय, रात्री डुकराचं मांस कशाला खाल्लंस?’ चौथ्या दिवशी तिचं पोट नगाऱ्यासारखं झालं तेव्हा तिला घेऊन आले. एकतीस वर्षांचं सांगते ना मी, तेव्हा बावीस झाली होती. बावीस वर्षांत मला ते ओळखू यायला हवं होतं. फिल्ममध्ये रेघा होत्या, आणि खाली उजवीकडे खड्याची सावली होती. तिची चोरवाट लहान आतड्यात, जठराच्या अगदी पुढे, उघडली होती. तिथून एक मोठा खडा निसटून आतड्यात उतरला आणि अडकला.

रविवार होता. सालदिवियांची नेहमीची नर्स बारशाला गेली होती. मीच हात धुतले. घरच्या माणसाने उभं राहू नये असं सालदिविया म्हणाले, पण मग दुसरं कोण? तू बेटावरच्या फोनवरून सांगितलं होतंस, “अडकलंय तेवढं काढा आणि तिला माझ्याकडे पाठवा. म्हातारी दमलीय.” मी हो म्हटलं होतं.

खडा निघाला. अक्रोडाएवढा होता. आतडं मोकळं झालं, रंग परत आला. भूल देणारे म्हणाले, “रक्तदाब खाली चाललाय, आवरतं घ्या.” सालदिविया थांबले. मास्कवरून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

“एदिता, तुझी आई आहे. वर पित्ताशय आतड्याला चिकटलंय. ते सोडवून भोक शिवता येईल. नाही तर इथेच बंद करू. एक्क्याऐंशी वय आहे. मी म्हणेन, थांबावं.”

आणि त्यांनी हात पुढे केला. उघडा पंजा. पोट शिवायची सुई द्यायची की लांब कात्री, ते मी ठरवायचं होतं.

मी कात्री दिली.

त्यांनी हातातली कात्री बघितली, मला बघितलं, आणि कामाला लागले. आणखी दोन तास गेले. मी चार दिवस घालवले होते, ते मला त्या दोन तासांत भरून काढायचे होते. आई अशी पूर्ण, नीट दुरुस्त होऊन उठावी, म्हणजे बोल्दोच्या काढ्याचं कोणी विचारणार नाही. खडा काढून थांबलो असतो तर ती बहुतेक जगली असती. तशी भोकं पुष्कळदा आपली आपण मिटतात, आणि नाही मिटली तरी म्हाताऱ्या माणसाला त्रास देत नाहीत. हे तेव्हाही माहीत होतं. पाचव्या दिवशी शिवलेली जागा उसवली. पुढचं तुला माहीत आहे.

दफनाच्या वेळी मी म्हटलं, ‘डॉक्टरांना योग्य वाटलं ते त्यांनी केलं.’ तू म्हणालीस, “माझ्या दारात पुन्हा येऊ नकोस.” तू ओळखलंस असं मला वाटलं. म्हणून आले नाही.

सालदिविया मागच्या वर्षी वारले. त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

आता तुझं. माझं ऐकू नकोस. उबिल्यांचं ऐक. तुझं आईसारखं नाही. तुझी वाट मोठ्या आतड्यात आहे, आणि खडे आत असेपर्यंत, पित्त त्यातून वाहतंय तोपर्यंत ती मिटत नाही. उलट आतड्यातली घाण त्याच वाटेने वर यकृताकडे चढते. आणि आपल्याकडच्या बायकांच्या जुन्या, खडे भरलेल्या पित्ताशयात पुढे काय निघतं ते तुला ठाऊक आहे. एरमेलिंदा मावशी त्या कॅन्सरनेच गेली. तू अठ्ठावन्नची आहेस. आधी आठवडाभर के जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतील, रक्त नीट गोठायला लागलं की मगच हात लावतील. पित्ताशय काढतील, आतड्याचं भोक शिवतील. उबिल्यांनी अशी सात केलीत. सहा चांगली आहेत. सातव्या माणसाचं काय झालं ते त्यांनाच विचार, ते लपवत नाहीत.

मी त्या दिवशी रजा घेईन. तुझ्या टेबलाजवळ माझा हात नसेल.

एदिता


रुकालेम, १२ नोव्हेंबर २००४

नोल्फा,

आधी महत्त्वाचं. पित्ताशयाचा रिपोर्ट आज आला. कॅन्सर नाही. मी दोनदा वाचला, मग उबिल्यांना वाचायला लावला, मग खिडकीवरच्या मुलीला. जुनी सूज आणि खडे, बाकी काही नाही. सोबत नक्कल जोडली आहे.

ऑपरेशनचं उबिल्यांनी तुला सांगितलंच असेल, तरी त्यांनी मला जे सांगितलं ते लिहिते. पित्ताशय कोयीसारखं कडक झालं होतं, यकृताला आणि आतड्याला दोन्हीकडे चिकटलेलं. सोडवायलाच दीड तास गेला. आतड्याचं भोक वाटाण्याएवढं. कडा ताज्या करून दोन थरांत शिवलं. मी त्या दिवशी रजा घेतली आणि तरी आले. बाहेरच्या अंगणात ओनोफ्रेबरोबर माते चहा पीत बसले. त्याने तीन तासांत अकरा वेळा विचारलं, “एवढा वेळ लागतो का?” मी अकरा वेळा हो म्हटलं. बाराव्या वेळी मलाच धीर राहिला नाही, पण तेवढ्यात उबिल्या टोपी काढत बाहेर आले आणि लांबूनच म्हणाले, “झालं. नीट झालं.” ओनोफ्रे रडला. रडताना त्याने चहाचा पेला माझ्या मांडीवर सांडला. गरम होता.

नऊ दिवस तू वॉर्डात होतीस आणि मी रोज येत होते, आणि आपण पेज, ताप आणि नळीतून काय आलं याबद्दल बोललो. पाचव्या दिवशी मी आले नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. मी चुकवलं नाही. मी दाराबाहेर उभी होते, दिवसभर, आणि दर तासाला आतल्या नर्सला तुझी नाडी विचारत होते.

आता दुसरं. सातव्या दिवशी मी उशी नीट करत होते तेव्हा तू विचारलंस. मला वाटत होतं तू कात्रीबद्दल विचारशील. त्याची उत्तरं मी नऊ वर्षं घोकली होती. तू म्हणालीस, “कात्रीचं सोड. तू दिली नसतीस तर त्याने स्वतः उचलली असती, पुरुष तसेच असतात.” त्याने उचलली नसती, नोल्फा. पण ते राहू दे. मग तू म्हणालीस, “आई गेली तेव्हा तू कुठे होतीस?”

आणि तू सांगितलंस, ते मला माहीतच नव्हतं. दोन बसगाड्या आणि एक होडी करून तू आली होतीस. एकालाच आत सोडतात म्हणून तुला बाहेर बाकावर बसवलं होतं, तीन वाजता भेटीची वेळ होईपर्यंत. दीड वाजता आई गेली. अडीच वाजता फरशी पुसणारी बाई तुझ्यापाशी आली आणि म्हणाली, “पाय वर घ्या. कोणासाठी बसलात? चार नंबर? ती खाट तर रिकामी झाली.”

तुला असं कळलं.

मी काही बोलायच्या आत उबिल्या तपासायला आले, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. मग मी परत तो विषय काढला नाही, तूही काढला नाहीस, आणि शुक्रवारी ओनोफ्रे तुला घेऊन गेला. म्हणून आता लिहिते.

आईचे डोळे मीच मिटले. नाकातली नळी काढली, तोंड पुसलं, हात चादरीखाली घेतले. मग दाराकडे वळले. दाराच्या काचेतून तुझा हिरवा स्वेटर दिसत होता. तू मांडीवर पिशवी धरून बसली होतीस, पिशवीतून बहुतेक तिच्यासाठी आणलेला पाव डोकावत होता. दहा-बारा पावलं होती. मी एवढी वर्षं लोकांना अशी बातमी सांगत आले होते. कसं उभं राहायचं, कुठे हात ठेवायचा, सगळं येत होतं. मी मागच्या दाराने गेले. तिथे धुतलेल्या चादरींची खोली आहे. आत जाऊन दार लावलं, गाठोड्यांवर बसले आणि चादरीचा कोपरा तोंडात कोंबला, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. किती वेळ ते कळलं नाही. बाहेर आले तेव्हा बाक रिकामा होता.

तू माझ्याकडे बघशील आणि तुला कात्रीचं कळेल, ही भीती होती. एवढंच कारण. चांगलं कारण शोधायला मला नऊ वर्षं मिळाली, सापडलं नाही.

जखमेला अजून महिनाभर वजन उचलायला लावू नकोस. बटाट्यांची पोती ओनोफ्रे उचलेल. जुलाबांचं कळव.

एदिता


केत्रुन बेट, १ डिसेंबर

एदिता,

रिपोर्ट मिळाला. ओनोफ्रेने तो देवाच्या तसबिरीमागे ठेवलाय, जसं काही तिथे ठेवल्याने आणखी बरा होईल.

जखम सुकली. शौचाला दिवसातून एकदा, फार तर दोनदा. पाच किलो भरले. काल तळलेलं खाल्लं, काही झालं नाही. दंडांवरचे डाग गेले. दवाखान्यातल्या माणसाला तुझं जुलैचं पत्र वाचून दाखवलं, तो म्हणाला मला दुसरीकडे बदली हवीच होती.

पिशवीत पाव नव्हता. आईचे लोकरी मोजे होते, तिचे पाय गार पडायचे म्हणून.

कात्रीबद्दल मी अजून विचार करतेय. ते मी तुला एवढ्यात माफ करणार नाही, आणि करेन असं धरून चालू नकोस. पण बाकावर बसल्याचा राग मोठा होता, आणि त्याचं उत्तर आता मिळालं.

त्या चादरींच्या खोलीत मला हाक मारायची होतीस. दोघी बसलो असतो.

नाताळला यायचं असेल तर बुधवारच्या लाँचने ये. शनिवारच्या लाँचमध्ये मेंढ्या असतात.

नोल्फा